पोरगा जीवानिशी जातो आणि फ्रॅटर्निटीला चार वर्षांची सुट्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल बरंच येतं, व्हिसाच्या तारखा, फी किती वाढली, कुठल्या युनिव्हर्सिटीचं रँकिंग काय, आणि आम्ही इथे न्यू जर्सीत बसून ई-पेपरवर ते सगळं वाचतो, कारण सासर-माहेर दोन्हीकडून कुणाच्या ना कुणाच्या मुलाचे मार्क व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेले असतातच की ताई जरा बघ ना, कुठे अप्लाय करू. पण इथल्या फ्रॅटर्निट्या आणि त्यांचं हेझिंग, म्हणजे आपल्या रॅगिंगसारखा नवीन मुलांचा छळ, यावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर सुरुवात कापा, पुढचं ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजच्या मुलांची खाजगी संघटना, ग्रीक अक्षरांचं नाव, कॅम्पसला लागून मोठं घर, दरवर्षी नवीन मुलं घ्यायची. नवीन मुलांना प्लेज म्हणतात. प्लेजने काही आठवडे सीनियर सांगतील ते करायचं, झाडू मारण्यापासून बाटली रिकामी करण्यापर्यंत, मग शेवटी त्याला ब्रदर म्हणून घेणार. आपल्याकडे सीनियर होस्टेलच्या खोलीवर येऊन छळतो, इथे पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या पायांनी जातो, मला घ्या म्हणून. आणि म्हणूनच नंतर कोर्टात वकील म्हणतो की कुणी जबरदस्ती केली नव्हती, तो आपणहून प्यायला.

फेब्रुवारी २०१७ चं पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं प्रकरण घ्या. फ्रॅटर्निटी बीटा थीटा पाय, मुलगा टिमोथी पियाझा, १९ वर्षांचा, इंजिनिअरिंग शिकत होता, आमच्या न्यू जर्सीचाच. त्या रात्री प्लेजना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पळवत व्होडका, बिअर, वाइन पाजली, दीड तासाच्या आत १८ ड्रिंक्स असा हिशोब पुढे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, आला. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. उचलून सोफ्यावर टाकला, पुस्तकं भरलेली बॅग पाठीला बांधली म्हणजे उताणा होऊन उलटीत गुदमरायला नको, म्हणजे बघा, काय होऊ शकतं हे पोरांना चांगलं ठाऊक होतं! एक जण म्हणाला याला हॉस्पिटलात न्या, तर त्यालाच ढकलून गप्प केलं. पडल्यापासून जवळजवळ १२ तासांनी ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन गेला. हे सगळं कळलं कशामुळे, तर घरात सिक्युरिटी कॅमेरे होते. तळघराचं फुटेज डिलीट झालेलं होतं, ते एफबीआयने परत काढलं आणि मग आणखी चार्जेस लागले. कागदावर ते घर दारूबंदीचं होतं. आणि त्याआधीही ते चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची त्या कॅम्पसवरची शाखा, एकदा गैरवर्तनासाठी बंद होऊन परत सुरू झालेलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिक्षा काय झाली? युनिव्हर्सिटीने चॅप्टर कायमचं बंद केलं, ते बरोबरच केलं. मुलांवरचे खटले चालत राहिले, मोठे चार्जेस गळत गेले, आणि २०२४ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, चॅप्टरच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंटला दोन ते चार महिने जेल. महिने, वर्षं नव्हे.

त्याच २०१७ च्या सप्टेंबरमध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत १८ वर्षांचा मुलगा गेला. फ्रॅटर्निटीबद्दल प्रश्न विचारायचे, उत्तर चुकलं की कडक दारूचा घोट, आणि या खेळाला नाव काय दिलेलं तर बायबल स्टडी. रक्तात अल्कोहोल ०.४९५ टक्के निघालं, गाडी चालवायची कायदेशीर हद्द ०.०८ आहे, तुम्हीच बघा. मग नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडा स्टेटला एक. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनिया कॉमनवेल्थला एक, पुढच्याच महिन्यात ओहायोत बोलिंग ग्रीनला एक, तिथे नवीन मुलाने बर्बनची अख्खी बाटली संपवायची हा ठरलेला रिवाज होता. हँक न्यूवर नावाचे पत्रकार या मृत्यूंची नोंद ठेवतात, त्यांच्या हिशोबाने १९५९ पासून २०२१ पर्यंत दरवर्षी किमान एक. आणि सुरुवात त्याच्याही कितीतरी आधीची, १८७३ मध्ये कॉर्नेलला प्लेज असलेला मुलगा दरीत पडून गेला होता, वडील माजी जनरल आणि अमेरिकेच्या पेटंट खात्याचे प्रमुख. एवढ्या मोठ्या माणसाचा मुलगा गेला तरी प्रथा काही गेली नाही.

आता माझा मुद्दा. युनिव्हर्सिट्या शिक्षा देतात ती चुकीच्या ठिकाणी बसते. १९-२० वर्षांची दोन-चार पोरं कोर्टात उभी राहतात, काही जणांना काढून टाकतात, आणि चॅप्टर सस्पेंड करतात, कुठे चार वर्षं, कुठे पाच. चार वर्षंच का? कारण चार वर्षांत कॅम्पसवरची सगळी मुलं पास होऊन जातात, आठवणारं कुणी उरत नाही. याला शिक्षा म्हणायचं? घर तिथेच, नाव तेच, माजी सदस्यांचे चेक येतायत, आणि पाचव्या वर्षी नवीन रंग लावून दरवाजा परत उघडा. आपल्याकडे एखाद्या गणपती मंडळावर कारवाई झाली की कार्यकारिणी बदलून पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच चौकात वर्गणीचं पुस्तक घेऊन उभी असतात ना, अगदी तसंच, फरक एवढाच की इथे माणूस मेलेला असतो.

यातली रचना समजून घेतली पाहिजे. पोरं राहतात ते झालं चॅप्टर. घर बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीचं नसतंच, माजी सदस्यांच्या एका वेगळ्या कंपनीच्या नावावर असतं, तिला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात. आणि वर देशपातळीवरचं हेडक्वार्टर, जे प्रत्येक मुलाकडून फी घेतं, इन्शुरन्स काढतं, नियमांचं जाडजूड पुस्तक पाठवतं. काही झालं की हेडक्वार्टर म्हणतं आम्ही तर हेझिंगला बंदी केलेली, पोरांनी नियम मोडला, आता त्यांचं ते बघतील. म्हणजे फी घेताना ब्रदर, अपघात झाला की तुम्ही कोण! इलिनॉयमध्ये २०१२ ला पाय कॅपा अल्फाच्या चॅप्टरमध्ये एक मुलगा असाच पिऊन गेला, आईवडील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २०१८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चॅप्टर आणि तिथली मुलं जबाबदार धरता येतील पण राष्ट्रीय संघटनेवर ती जबाबदारी येत नाही. आणि वर बोलिंग ग्रीनची बर्बनची बाटली सांगितली ना, २०२१ ची, ती फ्रॅटर्निटी कुठली? तीच, पाय कॅपा अल्फा. तिथे युनिव्हर्सिटीला २९ लाख डॉलर देऊन सेटलमेंट करावी लागली, सरकारी युनिव्हर्सिटी आहे ती, म्हणजे फी आणि टॅक्स भरणाऱ्यांनीच भरले म्हणा.

एमआयटीचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक हात जोडतात, म्हणून तिथलंही सांगते. १९९७ मध्ये फाय गॅमा डेल्टाच्या घरात नुकताच कॉलेजला आलेला १८ वर्षांचा मुलगा दारू पाजल्यामुळे गेला. सरकारी वकिलांनी मुलांवर नाही, थेट चॅप्टरवर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला. छान वाटतं ऐकायला, पण तोवर चॅप्टर बरखास्त होऊन गेलेलं, आरोपी म्हणून कोर्टात यायलाच कुणी नाही. एमआयटीने कुटुंबाला ६० लाख डॉलरची सेटलमेंट दिली, प्रेसिडेंटने माफी मागितली, आणि मुख्य म्हणजे २००२ पासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने कॅम्पसच्या डॉर्ममध्येच राहायचं असा नियम केला. हा नियम मला सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण फ्रॅटर्निटीला पहिल्याच आठवड्यात घराच्या शोधात असलेला, घाबरलेला, एकटा पोरगा मिळतो, तो मिळणं बंद झालं. बाकी ती राष्ट्रीय संघटना? ती चालूच. २०२१ मध्ये मिसुरी युनिव्हर्सिटीत तिच्याच चॅप्टरमध्ये एका १८ वर्षांच्या मुलाला व्होडका पाजली, तो जिवंत आहे पण दृष्टी गेली, चालता येत नाही, बोलता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की माणूस मेला असेल तर मुदतीचं सस्पेन्शन हा प्रकारच नको. चॅप्टर कायमचं बंद, आणि नुसतं कागदावर बंद नाही, घर गेलं पाहिजे. पियाझानंतर पेन्सिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कायदा केला त्यात संघटनेची मालमत्ता जप्त करायची तरतूद आहे, ती मला त्या कायद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. घर गेलं की माजी सदस्य जागे होतात, पन्नाशीतले वकील, बँकर, बिल्डर, जे दर होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, त्या घराच्या अंगणात बिअर घेऊन उभे असतात आणि आमच्या वेळेला याहून वाईट होतं म्हणून हसतात. युनिव्हर्सिटी त्यांना का दुखवत नाही हे काय सांगायला पाहिजे का, देणगीचे चेक तेच लिहितात. घर युनिव्हर्सिटीच्या मालकीचं नसलं तरी जमीन लीजवर असेल, पार्किंग असेल, शहराची परवानगी लागत असेल, युनिव्हर्सिटीने मनावर घेतलं तर नाड्या आवळायला जागा भरपूर आहेत.

आणि एका चॅप्टरमध्ये मृत्यू झाला तर त्याच राष्ट्रीय संघटनेच्या बाकी चॅप्टर्सना बाकी युनिव्हर्सिट्यांनी तरी मोकळं का सोडायचं? पेन्सिल्व्हेनियातच एक उदाहरण आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजची मुलं पोकोनोजच्या डोंगरात भाड्याच्या घरात गेली, पाय डेल्टा साय ही आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी. प्लेजच्या डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची बॅग, आणि अंधारात थंडीत बाकीच्यांनी धावत येऊन पाडायचं. एक १९ वर्षांचा मुलगा त्यात गेला. तिथे तपास नेटाने झाला, ३७ जणांवर चार्जेस लागले आणि राष्ट्रीय संघटनाच दोषी ठरली, २०१८ मध्ये तिला एक लाख डॉलरच्या वर दंड आणि दहा वर्षं पेन्सिल्व्हेनियात काम करायला बंदी. म्हणजे हे जमतं. कोर्टाला जमलं तर युनिव्हर्सिटीला का जमू नये?

यात आशियाई म्हटलं त्यावर जरा थांबते, कारण आपल्या लोकांची ठाम समजूत आहे की हे गोऱ्या पोरांचे धंदे. तसं नाहीये. देशी मुलांच्या फ्रॅटर्निट्या नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाल्या, डेल्टा एप्सिलॉन साय टेक्सासला, बीटा काय थीटा लॉस एंजेलिसला. त्यांच्यात हेझिंग होतंच असं माझं म्हणणं नाही. पण इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तिकडे ओढ वाटते, पार्टी, मित्र, पुढे नोकरीसाठी ओळखी, यातलं काहीच खोटं नाही. मुलगा अकरावीला आहे माझा, त्याला विचारलं तर म्हणतो आई, तू पण ना, सगळेच थोडी तसे असतात. नसतात, मान्य. चांगलं काम करणाऱ्या, वर्गणी गोळा करून हॉस्पिटलला देणाऱ्या फ्रॅटर्निट्याही आहेत. भारतातून येणाऱ्यांचं म्हणाल तर २०२३-२४ ला ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी इथे होते, त्यातले अंडरग्रॅज्युएट ३६ हजारांच्या आसपास. एमएसला येणाऱ्याला हा धोका जवळजवळ नाही, तो बिचारा असाइनमेंट आणि भाड्यात अडकलेला असतो. पण बारावीनंतर थेट येणारे आता वाढतायत आणि त्यांच्या आईवडिलांना प्लेज म्हणजे काय हे माहीत नसतं.

काही जण म्हणतात सरळ बंदीच घाला सगळ्यांवर. काही कॉलेजांनी घातलीही, विल्यम्स, बोडन, मिडलबरी, छोटी खाजगी कॉलेजं आहेत, त्यांच्याकडे सगळी मुलं कॅम्पसवरच राहतात, जमलं त्यांना. पण मोठी सरकारी युनिव्हर्सिटी मुलांना तुम्ही बाहेर एकत्र भेटूच नका असं सांगू शकत नाही, इथली राज्यघटना आड येते. कोलोराडोला बोल्डरमध्ये २००४ ला एक १८ वर्षांचा मुलगा असाच गेला, युनिव्हर्सिटीने अटी घातल्या की प्रवेश उशिरा द्या आणि घरात मोठा माणूस राहायला ठेवा, तर फ्रॅटर्निट्या म्हणाल्या नको आम्हाला तुमची मान्यता, आणि सगळ्या बाहेर पडून स्वतःचा वेगळा कारभार चालवू लागल्या. नंतर ड्यूकलाही २०२१ मध्ये बऱ्याच अशाच बाहेर पडल्या. त्यामुळे मान्यता काढली एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं त्यांना मी विचारेन की मान्यता नसलेल्या घरात गेलेल्या मुलाला तुम्ही काय सांगितलं? अशा संघटनेत सामील होणाऱ्या विद्यार्थ्यावर कारवाई होईल असा नियम करता येतो, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने २०१४ मध्ये केला. व्हर्जिनिया कॉमनवेल्थने आता १२ क्रेडिट पूर्ण केल्याशिवाय कुठेही सामील व्हायचं नाही असं ठरवलंय, हेही बरं आहे, निदान एक सेमिस्टर पोराला स्वतःचे मित्र शोधायला मिळतं.

मुलांना शिक्षा नको असं मी म्हणत नाहीये हां, गैरसमज नको. पाजणारा, ठरवणारा, फोन करू न देणारा आणि नंतर ग्रुप चॅट पुसणारा, या चौघांना डिग्री मिळता कामा नये, आणि ट्रान्सफर घेऊन दुसऱ्या कॉलेजात गेले तर ट्रान्सक्रिप्टवर लिहिलेलं असलं पाहिजे का काढलं ते. उलट ज्याने पहिला फोन केला त्याला कुणीही हात लावायचा नाही, तो स्वतः प्यायलेला असो, दारू प्यायच्या कायदेशीर वयाच्या म्हणजे २१ च्या आतला असो, काही असो. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यात असं संरक्षण आहे, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचेही नियम आहेत पण मुलांना ते माहीत नसतात, आणि एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पोराला तर पोलीस म्हटलं तरी घाम फुटतो. जवळपास प्रत्येक प्रकरणात मारलं ते दारूने जेवढं, तेवढंच झोपू दे त्याला, उतरेल सकाळपर्यंत, या वाक्याने. शिक्षेचं सगळ्यात मोठं माप त्या उशिराला लागलं पाहिजे.

आणि आता ज्या मुद्द्यावर मला खरोखर राग येतो तो. युनिव्हर्सिटीच्या अधिकाऱ्यांचं काय? डीन, ग्रीक लाइफचं म्हणजे फ्रॅटर्निट्यांचं काम बघणारं ऑफिस, ज्यांच्या टेबलावर आधीच्या तक्रारी पडलेल्या असतात? फ्लोरिडा ए अँड एम मध्ये २०११ ला बँडच्या मुलांनी हेझिंग म्हणून बसमध्ये एका ड्रम मेजरला, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याला, मारून मारून जीव घेतला, तिथे युनिव्हर्सिटीचा अभिमान असलेला तो नावाजलेला बँड दीड वर्षावर बंद ठेवला आणि पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट राजीनामा देऊन गेले. पण वरच्या खुर्चीपर्यंत झळ पोचलेली अशी उदाहरणं फार कमी.

इथे मला आपला महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आठवतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही, सात दिवसांत चौकशी आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तक्रार येऊनही प्रमुखाने काही केलं नाही तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं आणि शिक्षाही त्याच कलमाखाली. २५ वर्षांपूर्वी लिहिलंय आपल्याकडे! आणि यूजीसीच्या २००९ च्या नियमांत तर करणारा सापडला नाही तर सामूहिक शिक्षा द्या असंही आहे. हे अमेरिकेतल्या लोकांना सांगितलं की ते चकित होतात. आता आपल्याकडे हे पाळलं जातं का, तर २०२३ ला कोलकात्याच्या जादवपूर युनिव्हर्सिटीत रॅगिंगनंतर पहिल्या वर्षाचा मुलगा गेला ते आपण सगळ्यांनी वाचलंय, त्यामुळे फार कॉलर ताठ करायला नको. पण निदान कागदावर तरी प्रिन्सिपॉलचं नाव आहे. इथे डीनचं नाव फक्त शोकसंदेशाखाली असतं.

एक गोष्ट मात्र इथे अलीकडे चांगली झाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा कायदा आला, स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट, त्यामुळे कॉलेजांना आता हेझिंगचे आकडे दरवर्षीच्या सुरक्षा अहवालात द्यावे लागतात आणि कुठली संघटना दोषी ठरली, काय केलं, काय शिक्षा दिली हे वेबसाइटवर टाकावं लागतं, वर्षातून दोनदा अपडेट करून. यात कुणाला जेल नाही, पण बाकी शिक्षा चार वर्षांत विसरल्या जातात तसं हे विसरता येत नाही, पुढच्या वर्षीच्या आईबापाला नाव दिसतं. फ्रॅटर्निटीचा सगळा जीव नवीन मुलं येण्यावर आहे, तेव्हा ही यादी नीट ठेवणं आणि ठळक जागी ठेवणं हीसुद्धा युनिव्हर्सिटीच्या हातातली शिक्षाच आहे. काही कॉलेजं ती अशा कोपऱ्यात टाकतात की चार क्लिकनंतरही सापडत नाही, ते मी स्वतः बघितलंय, नावं घेत नाही.

तर तुमच्या करिअर पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेजांवर पुढचा लेख येईल तेव्हा रँकिंगच्या शेजारी एक ओळ एवढी द्या की कॉलेजचं नाव आणि कॅम्पस हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट असं सर्च करून बघा, आणि अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारा की पहिल्या वर्षाच्या मुलाला तुमच्याकडे फ्रॅटर्निटीत कधीपासून जाता येतं. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा. पुण्यामुंबईतले जे कन्सल्टंट लाखांनी फी घेतात त्यांनाही हेच विचारा.

आपली नम्र,
एक वाचक आणि अकरावीतल्या मुलाची आई
एडिसन, न्यू जर्सी